चुगली आणि कबुली

बाई, पहिल्याच शुक्रवारी तुम्ही मला सांगितलं होतं की इथे मला बाई म्हणू नकोस, नावाने हाक मार. "आमच्यात कोणी मॅडम नाही, कोणी फादर नाही. सगळे नुसते मित्र." ते इंग्रज आजोबा तुम्हाला नावाने हाक मारायचे, त्यांची बायको मारायची, आपल्या शाळेच्या बसवर काम करणारी केनियाची आयासुद्धा मारायची. मला काही ते जमलं नाही. नाशिकच्या शाळेत वाढलेल्या मुलीच्या तोंडी शिकवणाऱ्या बाईचं नाव येत नाही. आज तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावरही मी बाईच लिहिते आहे. पण आता त्यात आदर किती आणि सवय किती, हे मला सांगता येणार नाही.

तुमच्याकडे मी आले ती वडील गेले तेव्हा. दोह्यात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, तुम्ही प्रायमरीच्या सुपरवायझर. नवरा उत्तरेकडच्या गॅस प्लांटवर, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. फोन आला तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसमध्ये अडकलेला होता, आणि तो हातात येईपर्यंत वडिलांचा दहावा होऊन गेला. मी फायलींच्या खोलीत कपाटाला टेकून रडत होते. तुम्ही जुनी हजेरीपत्रकं शोधायला आत आलात. "काय करून राहिली तू इथं?" एवढंच विचारलंत. मग दार लोटून घेतलंत, शेजारी जमिनीवर बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. चांगला अर्धा तास. उठताना म्हणालात, "शुक्रवारी माझ्याकडे ये. कोणी काही शिकवत नाही तिथं. बसायला जागा आहे, बस."

अल थुमामातला तुमचा तो छोटा व्हिला. घरात परवानगीशिवाय प्रार्थनेला जमणं तिथे चालत नसे, म्हणून गाड्या एकाच दारासमोर लावायच्या नाहीत, दोन गल्ल्या सोडून लावायच्या, चपला मात्र आत घेऊन यायच्या. बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये काही नाही. मूर्ती नाही, क्रूस नाही, मेणबत्तीही नाही. तासभर सगळे गप्प. कोणाला आतून फारच वाटलं तर त्याने उठून दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. त्यानंतर तुमचे यजमान चहा आणायचे आणि दुसरा तास सुरू व्हायचा, मोठ्या माणसांच्या शाळेचा. तुम्ही वही उघडून एक प्रश्न वाचायचात, आधी इंग्रजीत, मग फक्त माझ्यासाठी मराठीत. तू बोलतेस ते खरं असतं की सोयीचं असतं? ज्याच्याशी तुझं पटत नाही त्याच्यात तुला काय चांगलं दिसलं? उत्तर द्यायचंच असं नव्हतं. प्रश्न आठवडाभर बरोबर ठेवायचा. घरी माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तुम्ही कधी हलवायला सांगितला नाहीत. उलट मी प्रसादाचा शिरा आणला की तुम्ही दोनदा वाढून घ्यायचात.

तुमचे वडील नर्मदेकाठच्या क्वेकर लोकांच्या, म्हणजे तुमच्याच या गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, शाळेत मास्तर होते. एकदा कोर्टात साक्ष द्यायला गेले तर शपथ घेईनात. शपथ घेऊन खरं बोलणारा एरवी खोटं बोलतो असा अर्थ होतो, म्हणाले. ही गोष्ट तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलीत! सांगताना तुमचा आवाज नागपुरी व्हायचा आणि मान ताठ व्हायची. त्या शुक्रवारी घरी जाताना मी ठरवलं की आजपासून फोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं खोटं सांगायचं नाही. आणि खरंच सांगणं सोडलं. प्रिन्सिपल चिडायचे. तुम्ही लांबून हसायचात.

केनियाची ती या सगळ्यात नवखी नव्हती. तिचं अख्खं गाव क्वेकर. पण तिच्याकडचे क्वेकर गातात, टाळ्या वाजवतात. इथली शांतता तिला सुरुवातीला आजाऱ्याच्या खोलीतल्यासारखी वाटायची, असं ती हसत सांगायची. बैठक संपली की चपला घालताना ती गुणगुणायची आणि इंग्रज आजोबा मुद्दाम दारात रेंगाळायचे. बसमध्येही गायची. केजीतली मुलं तिच्याकडून कुठल्या कुठल्या भाषेतली गाणी घरी घेऊन जायची.

तो सोमवार मे महिन्यातला. वार्षिक समारंभ होता, पाहुणे साडेनऊला येणार होते. मी पाहुण्यांची यादी घेऊन तुमच्या शेजारी गेटपाशी उभी आहे. शेवटची बस लागते, मुलं उतरतात, आया शेवटच्या मुलाला हात धरून खाली उतरवते आणि नेहमीप्रमाणे बाकं बघायला परत पायरीवर पाय ठेवते. तुम्ही घड्याळाकडे बघता. "यल्ला, यल्ला, चल लवकर, ते राहू दे. ड्रायव्हर बघेल. हॉलमध्ये खुर्च्या लावायला माणूस नाही." ती एक क्षण थांबते. तुम्ही पुन्हा हात करता. ती खाली उतरते. ड्रायव्हरला वाटलं तिने बघितलं. त्याने बस मागच्या मैदानात उन्हात नेऊन लावली. शेवटच्या बाकावर केजीतली एक मुलगी झोपलेली होती. पाऊण-एक तासाने माळ्याला काचेतून तिचं दप्तर दिसलं.

मुलगी वाचली, बाई. हे मी अजूनही आधी स्वतःला सांगते आणि मग पुढचं आठवते. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती, मग घरी गेली. समारंभ झाला, पाहुण्यांना काही कळलं नाही. आयाला त्याच दुपारी कामावरून थांबवलं. प्रिन्सिपलने तिला विचारलं, बस का तपासली नाहीस. ती म्हणाली, मला हॉलमध्ये बोलावलं. कोणी? त्यावर ती गप्प. मी तिच्या खोलीवर गेले, विचारलं, नाव का नाही सांगितलंस? ती माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "ती स्वतः सांगेल. तिला थोडा वेळ दे. तिच्या वाट्याचं खरं मी का बोलू?" तिला तुमच्याबद्दल एवढी खात्री होती. मलाही होती. तरी मी गेटपाशी बघितलेलं सगळं एका कागदावर लिहून काढलं, खाली सही केली आणि पर्समध्ये ठेवलं.

चौकशी शनिवारी होती. शुक्रवारी मी आपल्या लोकांकडे बैठक मागितली. एखाद्याला निर्णय होत नसेल तर बाकीच्यांनी त्याच्याभोवती बसायचं, सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, अशी ती रीत. तुम्ही तिला मराठीत 'नितळणं' म्हणायचात. गढूळ पाणी न हलवता ठेवलं की आपोआप नितळतं, तसं. मी नाव न घेता म्हणाले, मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती सांगितली तर एका माणसाचं नुकसान आहे आणि नाही सांगितली तर दुसऱ्याचं. आजोबांनी विचारलं, "तुला नक्की कसली भीती वाटते?" आया समोरच बसली होती, मांडीवर हात ठेवून. तुम्ही डोळे मिटून होतात. मग तुम्ही विचारलंत, "ती गोष्ट सांगायचा पहिला हक्क कोणाचा?" मला वाटलं, बाईंनी सांगायचं ठरवलं.

नंतर स्वयंपाकघरात तुम्ही कप विसळत होतात, मी पुसत होते. बाहेर तुमचे यजमान आजोबांशी बोलत होते. त्यांचं डायलिसिस तेव्हा आठवड्यातून तीनदा असायचं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही नळ बंद केलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी सांगते उद्या. तू नको बोलू. तुझ्या तोंडून गेलं तर ती चुगली होईल, माझ्या तोंडून गेलं तर कबुली." मी म्हणाले, मी लिहून ठेवलंय. तुम्ही ओला हात पदराला पुसून पुढे केलात. "दे मले. माझ्या पत्राला जोडून देते." मी कागद दिला. तुम्ही तो वाचलात, नीट चार घड्या केल्यात आणि फ्रीजवरच्या डब्याखाली ठेवलात. मग माझ्या गालाला हात लावलात. त्या हाताला साबणाचा वास होता.

शनिवारी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आम्ही पाचजण. ते, मॅनेजमेंटचे एक गृहस्थ, तुम्ही, ती, आणि कोपऱ्यात नोंदी घ्यायला मी. प्रिन्सिपलने तुम्हाला विचारलं, "गेटवर तुम्ही होता. हिला हॉलमध्ये कोणी बोलावलं?" तुम्ही मान खाली घातलीत. शुक्रवारी बसता तशाच बसलात, पाठ सरळ, तळवे मांडीवर. एसीचा आवाज येत होता. मी पेन टेकवून ठेवलं होतं, कारण मला ठाऊक होतं की एवढ्या शांततेनंतर तुम्ही जे बोलता ते खरं असतं. तुम्ही म्हणालात, "माझ्या लक्षात नाही."

मी लिहिलं नाही. तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही मराठीत, अगदी मऊ आवाजात, डिक्टेशन देताना सांगायचात तसं म्हणालात, "लिही. लक्षात नाही, असं लिही." आणि मी लिहिलं. ती नोंद माझ्या अक्षरात आहे, बाई. ती कोणाकडेच बघत नव्हती. तिला विचारलं, आणखी काही सांगायचंय? तिने नाही म्हणून मान हलवली. तिचा व्हिसा रद्द झाला, आठवड्याच्या आत तिला विमानात बसवलं.

कारण मला पुढे कळलं. यजमानांची नोकरी सुटली होती, शाळेने खास बाब म्हणून त्यांना तुमच्या व्हिसावर ठेवलं होतं. तुमची नोकरी गेली असती तर त्यांचं डायलिसिसही गेलं असतं. नागपूरला तेव्हा ते कसं झालं असतं, कोण जाणे. मी हे समजू शकते. खरं तर मी हे त्या स्वयंपाकघरातही समजू शकले असते, तुम्ही सांगितलं असतंत तर. "मला भीती वाटून राहिली, माझ्याच्यानं होत नाही," एवढं म्हणाला असतात तर मी तुमच्याजवळ बसले असते, तुम्ही माझ्याजवळ बसला होतात तसं. तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. तुम्ही माझा कागद मागून घेतलात, त्याचा आहे. तुम्ही एकट्या खोटं बोलला नाहीत. आधी माझ्याकडचं खरं काढून घेतलंत आणि मग बोललात. आणि तेही माझ्या भाषेत, चुगली आणि कबुली असे शब्द वापरून, ज्यांचा अर्थ त्या घरात फक्त आपल्या दोघींना कळत होता.

त्यानंतर मी एकदाच आले, पुढच्याच शुक्रवारी. तिची खुर्ची तुम्ही काढलेली नव्हती. तास झाला, चहा झाला, तुम्ही वही उघडलीत. त्या आठवड्याचा प्रश्न काय होता ते मला आठवत नाही, कारण तुम्ही तो मराठीत सांगायला माझ्याकडे वळलात तेव्हा मी उठले. चपला हातातच घेऊन बाहेर पडले. मेच्या दुपारी त्या फरश्यांवर अनवाणी दोन गल्ल्या चालले. तुम्ही मागे आला नाहीत. पुढची दोन वर्षं आपण रोज भेटलो, फायलींपुरतं बोललो. यजमान गेले तेव्हा मी डबा घेऊन आले आणि दारातूनच परत गेले. तुम्ही नागपूरला निघालात त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचा निरोप घेतलात, माझ्या टेबलापाशी थोडं थांबलात. मी टाइप करत राहिले. काय टाइप करत होते, देव जाणे. मग इंग्रज आजींकडून कळलं की तुम्ही गेलात. झोपेत, म्हणाल्या, शांतपणे. शांतपणे हा शब्द ऐकून मला चीड आली.

आता शेवटचं. तुम्ही गेल्यावर वर्षभराने, समुद्रात भराव घालून ते द पर्ल नावाचं बेट उभं राहायला लागलं होतं त्या दिवसांत, मला केनियाहून तिची ईमेल आली. आजींनी तिला माझा पत्ता दिला होता. तिने गावात बालवाडी काढली आहे, चाळीस मुलं आहेत. रोज शाळा सुटल्यावर ती प्रत्येक बाकाखाली वाकून बघते, असं तिने लिहिलं होतं. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. शेवटी एकच प्रश्न होता: "मी गावी परत आल्यावर तरी तिने सांगितलं का? मला मनातून वाटतं की सांगितलं असेल."

तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं, "हो, तिने सांगितलं." तिने उलट टपाली देवाचे आभार मानले आणि तुमच्यासाठी गावातल्या बैठकीत गाणं म्हटल्याचं कळवलं. मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की तिला बरं वाटावं म्हणून, किंवा गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी तसं लिहिलं. ते खरं नाही. मी 'नाही' असं लिहिलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, आणि तू? तूही तिथेच उभी होतीस ना? कागद काय, मी दुसरा लिहू शकत होते. तिचं विमान सुटायला पाच दिवस होते. त्या शुक्रवारी तुम्ही कागद मागितलात तेव्हा मला मोकळं मोकळं वाटलं होतं, बाई, आणि पुढचे पाच दिवस मी त्या मोकळेपणाच्या आड बसून होते.

तुमचा पत्ता आता कुठलाच नाही. तिचा आहे, माझ्याजवळ आहे, ईमेल एका मिनिटात पोचते. आणि मी आज सकाळपासून पत्र तुम्हाला लिहीत बसले आहे.