दत्तारामच्या शर्टाची बटणं

लालबाग, मंगळवार, जून १९५८

सकाळी दत्तारामच्या शर्टाची बटणं लावून दिली आणि दोघे कोर्टात गेलो. पुन्हा पुढची तारीख. गिरणीत मशीनमध्ये माझ्या या मावसभावाची उजव्या हाताची चार बोटं गेली, त्याला दोन वर्षं झाली. भरपाईचा दावा अजून तिथेच. गिरणीचं म्हणणं एकच, हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच.

कागदावर नव्हताच. त्या वर्षी शिमग्याला मी गावी राहिलो. खाडा पडू नये म्हणून माझ्या नावावर त्याला मीच पाठवलं होतं. हजेरीत मी आहे. जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, ठाऊक आहे, तोही गप्प. एवढं एक कोर्टात सांगितलं असतं तर निकाल केव्हाच लागला असता. आणि माझी नोकरी गेली असती. माझ्या नावावर गेल्याचं बोललास तर दावाच बुडेल, असं मीच दत्तारामला सांगून ठेवलंय.

येताना त्याने विचारलं, "अजून किती दिवस लागतले रे?"

म्हटलं, "संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चाललेत, सगळंच लांबतंय."

त्याला पटलं. माझं त्याला सगळंच पटतं.

घरी आल्यावर बटणं काढायलाही मीच. गळ्याजवळचं काढताना म्हणाला, "तू आसस म्हणान निभावता."

माझी दहाही बोटं धड आहेत. तरी ते बटण निघेना.