उंबरठ्यावरचा श्वास

३ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन! अकरा वर्षांनी सिनेमावाल्यांना माझा गळा आठवला. चिरंजीव म्हणजे माझ्या जुन्या संगीतकाराचा मुलगा. वडिलांची पेटी वाजवता येत नाही, पण वडिलांच्या खुर्चीत अगदी ऐसपैस बसतो. "मावशी, ही गझल तुमच्याशिवाय होणारच नाही." होणार नाही म्हणे! इतकी वर्षं सगळं माझ्याशिवायच झालं की.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "जमेल ना?" एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न!

पण प्रश्न चुकीचा नव्हता. मैफली चालू आहेत माझ्या, गझला गातेच की. पण मैफलीत वरचा सूर टाळता येतो. हात वर नेऊन दाखवला की लोक माना डोलावतात. माईकला हात दिसत नाही.

५ फेब्रुवारी

चाल शिकायला गाणं पाठवलंय. ही हल्लीची पद्धत — आधी कुणा होतकरूकडून कच्चं गाऊन घ्यायचं, ते ऐकून मोठ्या गायिकेने गायचं, मग कच्चा आवाज पुसून टाकायचा. पूर्वी संगीतकार समोर बसून शिकवायचा. आता फोन शिकवतो.

ही पोरगी तर माझीच नक्कल करते! माझ्या मुरक्या, माझं ते किंचित नाकातलं 'न'. आणि श्वास? ओळ आहे 'उंबरठ्यावरून परतले कितीदा'. ही 'उंबर' म्हणते, श्वास घेते, मग 'ठ्यावरून' म्हणते. एका उंबरठ्याचे दोन तुकडे! फुप्फुसं आहेत की फुगे?

९ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झालं. काचेची गारठलेली खोली. वादक एकही नाही, सगळे कानातल्या यंत्रात. "मावशी, वरची ओळ अजून एकदा." मग अजून एकदा. मग अजून. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बास, मिळालं!" रेकॉर्डिस्टने मान वर केली नाही. शिष्टाचार म्हणून काही राहिलेलाच नाही.

उंबरठा मात्र मी एका श्वासात ओलांडला.

बाहेर बाकावर ती कच्चं गाणारी पोरगी बसली होती. धडपडत उठली. "ताई, तुमची सगळी गाणी पाठ आहेत मला."

"ऐकलं," मी म्हटलं. "शब्द तोडू नकोस. श्वास आधी घ्यायचा."

डोळे भरले तिचे. जरा बोललं की यांचे नळ सुरू!

२० मार्च

गाणं उद्या येणार. मी काही वाट बघत नाहीये. फोन तेवढा चार्जिंगला लावलाय.

२१ मार्च

आलं. माझं नाव मोठ्या अक्षरात. ऐकायला बसले. उंबर — श्वास — ठ्यावरून.

ही मी नाही!

पुन्हा लावलं. वरची ओळ स्वच्छ, सरळ, तरुण. त्यात माझं काहीही नाही. पुसायचा होता तो आवाज ठेवला आणि मला पुसलं!

चिरंजीवांना धरलं. आधी म्हणे मिक्सिंग, मग म्हणे मशीन. शेवटी खरं बाहेर आलं. "वर आवाज फाटत होता, मावशी. तुमचं नाव खराब होऊ द्यायचं नव्हतं." म्हणजे वर माझ्यावरच उपकार!

२६ मार्च

फोन थांबत नाहीत. ज्या समीक्षकाने मला कधीच निकालात काढलं होतं, तो लिहितो — 'उंबरठ्याच्या मधोमध त्या क्षणभर थांबतात, तिथे आयुष्यभराचा अनुभव बोलतो.' अनुभव! अरे बाबा, पोरीचा दम संपला होता! हसता हसता ठसका लागला. मग रडू आलं, ते थांबेना.

हे म्हणतात, "नाव तुझंच आहे ना? मग झालं तर."

पोरीचाही फोन आला. "ताई, मी कुणाला काही सांगणार नाही." भित्री कुठली! तिला पुढची कामं हवीत, म्हणून ती गप्प. आणि मी कशासाठी गप्प आहे?

२ एप्रिल

शनिवारी मैफल. या गाण्यामुळे मोठं सभागृह घेतलंय, तेही भरलं. आयोजकाने बजावलंय, "शेवटी तेच हवं हं, ताई."

ठरलं. गाण्याआधी सरळ सांगायचं — हा आवाज माझा नाही, या मुलीचा आहे. ऊठ गं, लोकांना दिसू दे! तिला पहिल्या रांगेत बोलावलंय. का, ते तिला फोनवर सांगून टाकलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "आईला पण आणू का?" चिरंजीवांची खुर्ची मोडली तर मोडो.

६ एप्रिल

गायले. सांगितलं नाही.

'उंबर' म्हटलं, थांबले, दम शिल्लक असताना श्वास घेतला, मग 'ठ्यावरून'. वरच्या ओळीला हात वर नेला. अख्खं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत दोघीच बसून होत्या.