पेज फेकून द्यावी का

माय, तुले पत्र लिहून राहिली हे कोणाले सांगतलं तं हसतील. तुले वाचता येत नव्हतं, अन् तुले जाऊन आता वीस वर्षं होतील. पण आज माहं डोकं असं तापलं आहे का कोणाजवळ तरी बोलाच लागते.

साकोलीच्या पोरींच्या होस्टेलात मी चौदा वर्षांपासून सैपाक करते. यंदा नवा ठेकेदार आला. म्हणे, सगळ्या बायांनी मोबाइलवर सैपाकाचे धडे पाहाचे अन् परीक्षा द्याची. दहाही उत्तरं बरोबर पाहिजेत, संधी तीनदा, नाही जमलं तं घरी. घरी बसून खाऊ काय? पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहे, तिचे बाबा गेल्यापासून आमचं दोघींचं याच कामावर चालते.

धडे बरे होते. परीक्षा कोण्या शहाण्यानं बनवली देव जाणे! जिऱ्याचा अन् बडीशेपेचा फोटो एवढासा, मोठा कराले बोट लावलं का तेच उत्तर दाबल्या जाते. चष्मा पुसेपर्यंत प्रश्न पळून जाते. 'फोडणीस विश्रांती केव्हा द्यावी?' अरे बाप्पा, फोडणीले कायची विश्रांती! अन् चुकलं तं खरं काय ते सांगत नाही, नुसती लाल फुली.

सातवा प्रश्न होता, शिजलेल्या भातातून काढलेल्या पाण्याचे काय करावे? फेकून द्यावे, भांडी घासावीत, झाडांना घालावे, यापैकी नाही. मी हसलीच. हा तं आपल्या घरचा प्रश्न! पेज पेतात, म्हणून 'यापैकी नाही' दाबलं. फुली. दुसऱ्या वेळी वाटलं, माहं बोट चुकलं असन, अन् पुन्हा तेच दाबलं. पुन्हा फुली.

तेव्हापासून आपल्या गावचा, एकोडीचा, तो दिवस डोळ्यापुढून हटत नाही. धानाची कापणी चालू आहे, मी दहा वर्षांची. भात पसवताना मी गंज वाकवून त्यातली पेज सरळ नालीत सोडते. तू धावत येते, माहं मनगट धरते. "काहून सांडली वं? हात तुटले होते का तुहे?" मागच्या घरच्या बाळंतिणीले तू रोज मीठ घालून पेजेचा गडवा पाठवत होती. त्या दिवशी तू मले रिकामा गडवा घेऊन तिच्या दारात उभं केलं. "सांग तिले, काय केलं तू." मी सांगतलं. ती बिचारी गडव्यात पाहत राहिली. मले तुहा रागही येते माय, एवढ्याशा पोरीले असं उभं करते का कोणी?

आज दुपारी शेवटची संधी होती. ठेकेदाराचा मॅनेजर समोर खुर्ची टाकून बसला. सहा बरोबर आले, सातव्यापाशी अडली. आधी पास झालेली सोबतची सैपाकीण कानाशी आली.

"फेकून द्यावे, ते दाब."

"अवं, आपण पोरींले देतो न! तापाच्या पोरीले सकाळीच दिली."

"तुले खरंच थोडी फेकाची आहे! दाब न, टाइम चालला."

मी दाबलं. हिरवी खूण आली. उरलेले तीनही बरोबर आले, अन् पडद्यावर फुलं पडली. मॅनेजर म्हणाला, "झाल्या पास, मावशी. आता शिकल्या तसंच कराचं, बरं का." बायांनी टाळ्या वाजवल्या, अन् मले रडू आलं, इतकं हायसं वाटलं.

संध्याकाळी भात पसवाले घेतला तं मॅनेजर गंजापाशीच उभा. मी गंज नालीवर वाकवला. तुले लिहिणार होती का त्याची पाठ वळल्यावर अर्धी वाचवली म्हणून. नाही वाचवली. सगळी सोडली.

मंग ती तापाची पोरगी चादर पांघरून दारात आली. "मावशी, पेज आहे का थोडी?"

"आज निघालीच नाही वं बाई," मी म्हटलं.