बारकीचं वय

गुरुजी,

माझं नाव शाळेत घातलंत आणि बारकीला परत पाठवलंत, त्या सकाळबद्दल तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता मला नीट आठवत नाही, पण ती सकाळ आठवते. वाडीवरच्या शाळेच्या ओट्यावर आम्हा पोरांची रांग लागली होती. कुणाच्याच आईबापाला जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून तुम्ही प्रत्येकाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघत होता. लागला की पोर सहा वर्षांचं, तारीख एक जून. माझी बोटं कानाच्या जरा वरच अडली होती. तुम्ही माझी मान बोटाने थोडी वाकवलीत आणि म्हणालात, "पोचला. बस आत जाऊन." माझ्या मागे बारकी होती. ती आणि मी एकाच भातकापणीत जन्मलेल्या, आमच्या दोन घरांत एकच कुडाची भिंत. तिला बारकी म्हणायचे कारण ती होतीच बारकी. घरात खाणारी तोंडं फार आणि ही सगळ्यांत शेवटी जेवणार. तिचा हात कानापर्यंत आला नाही. तिची मान तुम्ही वाकवली नाहीत. "पुढच्या वर्षी आणा," असं तिच्या बापाला सांगितलंत. पुढच्या वर्षी तिचे आईबाप तिला घेऊन सुदुंबऱ्याकडच्या वीटभट्टीवर गेले. जागा नव्हती म्हणावं, तर शाळेत बसायला नुसती जमीन होती, गुरुजी.

तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं तर वही पुरणार नाही, आणि म्हणूनच हा राग इतकी वर्षं कुठे ठेवावा ते मला कळलं नाही. नर्सिंगचा कोर्स मला तुम्हीच सुचवलात, फॉर्मवर सही करायला माझ्या बापाचा अंगठा तुम्हीच धरलात. पास झाले तेव्हा मी पेढे घेऊन तळेगावला तुमच्या घरी आले होते. काकू स्वयंपाकघरात मासवड्या थापत होत्या, तुम्ही पाटावर बसून शेंगदाणे निवडत होता, आणि मला त्या दिवशी धीर आला. मी विचारलं, "गुरुजी, बारकीला का नाही घेतलंत?" "नियम म्हणजे नियम," तुम्ही म्हणालात. "नियम नसता तर तूसुद्धा आज हितं उभी नसतीस. मोठ्यांना जाब विचारायला शिकलीस का तिकडे?" काकूंनी मध्ये पडून विषय बदलला. मी निघताना तुम्ही कपाटातून सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलंत. "पेशंटचा श्वास मोजायला लागतो म्हणे," एवढंच म्हणालात. ते घड्याळ मी वापरलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बारकी पुन्हा शाळेच्या ओट्यावर चढली ती थेट आधार कार्डासाठी. तुम्ही तेव्हा नव्हता. सरकारने प्रत्येकाचं बोटांचे ठसे घेऊन कार्ड काढायला लावलं, आणि आपल्या शाळेत मशीन घेऊन एक पोरगा आला. ज्याच्याकडे शाळेचा दाखला त्याची तारीख दाखल्यावरून. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं वय तोंड बघून. भट्टीवर वाळलेली, पुढचे दात गेलेली, केस पिकलेली बारकी समोर बसली. पोरगा म्हणाला, "आजी, बोटं नीट दाबा," आणि त्याने तिला एका दमात म्हातारी करून टाकली. वाडीत महिनाभर हसू होतं. बारकीच मला सांत्वन केल्यासारखी म्हणाली, "अगं, कार्डावर माजी सासू माज्यापेक्षा तरनी झालीया. आता तिनं माज्या पाया पडायचं." पुढे कार्डावरचं वय भरलं तशी तिला म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली. कोण कशाला तक्रार करील? दुष्काळात तेरावा महिना असलेल्या घरात एवढा एकच महिना बरा निघाला होता.

मग करोना आला. तुम्हाला कसं सांगू? माणसं तोंड बांधून हिंडत होती, श्वास पुरत नव्हता म्हणून मरत होती, आणि पोटची पोरं मढ्याला हात लावायला भीत होती. मी तळेगावजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात सिस्टर होते, अजूनही आहे. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पुण्यातल्या कुणा कॉम्प्युटरवाल्यांकडून एक प्रोग्राम करून आणला. माणूस दारात आला की नेहमी जे लिहून घेतो, म्हणजे वय, श्वास, ऑक्सिजन, बीपी, साखर, रक्ताचे दोन-तीन रिपोर्ट, ते त्यात भरायचं, की हा माणूस मरण्याचा धोका किती ते रंग सांगणार. हिरवा, पिवळा, लाल. सगळ्यांत जास्त वजन वयाला. कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करते. लाल आलेल्याकडे आधी धावायचं, असंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं आम्हाला. पण बेड संपत आले तसा तोच रंग उलटा वाचायला लागले. लाल म्हणजे जाणारच, मग त्याच्यावर बेड कशाला घालवा, आणि आपल्या नावावर मरण तरी कशाला घ्या? लाल आला की नातेवाइकांना गोड आवाजात सांगायचं, पुण्याला मोठ्या ठिकाणी न्या. मशीनने ठरवलं, असं म्हणायची सोय झाली. मला त्या गोड आवाजाची शिसारी बसली आहे.

आणि त्या प्रोग्रामात भरलं जात होतं ते तरी काय! श्वास कुणी मोजतच नव्हतं. अंगभर प्लास्टिकच्या किटमध्ये घामाने भिजलेली पोरं-पोरी, त्यांना तरी कुठे वेळ? धापा टाकणाऱ्याचा श्वास मिनिटाला वीस, निजलेल्याचा वीस, वरच्या बेडवरून खाली आणलेल्या मढ्याचाही वीस. कॉम्प्युटरवाले उंटावरून शेळ्या हाकत होते, त्यांना आकडा आला म्हणजे झालं.

अशात एका दुपारी दारात टेम्पो थांबतो आणि मागच्या फळीवर बारकी. तिचा मुलगा तिला धरून बसलाय. मला किटमध्ये कुणी ओळखत नाही, पण तिने आवाजावरून ओळखलं. "अगं, तू हाईस व्हय हितं?" प्रत्येक शब्दाला दम घेत ती म्हणाली. "मंग मला कसलं भ्या न्हाई." मी तिच्या छातीवर हात ठेवून पुरतं मिनिटभर श्वास मोजला आणि आला तो आकडा भरला. मुलाने कार्ड दिलं, नंबर टाकल्यावर वय आपोआप आलं. स्क्रीन लाल झाली. वीस-वीस लिहिलेले लोक पिवळ्यात बसले होते आणि माझं खरं मोजणंही तिच्या मुळावर आलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरला मी म्हटलं, "सर, हे वय खोटं आहे. ही माझ्याएवढी आहे. आम्ही एकाच वाडीतल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मला वाटलं, मी त्याच्यापुढे उभी होते की. त्याने बारकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काचेच्या आडून हसला. "मग सिस्टर, तुम्ही कुठलं क्रीम लावता तेवढं सांगा." असं म्हणाला, गुरुजी. एक बाई हवेसाठी तडफडत होती आणि हा हसला. मी म्हटलं, "वय दुरुस्त करा, ती पिवळ्यात येईल. वर एक ऑक्सिजनचा बेड रिकामा आहे." तो मुलाकडे वळला. "काय रे, आईचं वय किती? कार्डावर आहे ते बरोबर ना?"

मी मुलाकडे बघतेय. बोल रे, म्हणतेय. त्याने मला बाजूला ओढलं आणि हात जोडले. "मावशी, वय ऱ्हाऊ द्या. हितं कमी लिवलं आन् तालुक्याला कळलं तर पेन्शन बंद हुईल. आई बरी हून घरी आल्यावर खाईल काय?" मी त्याला सांगितलं की बेड मिळाला नाही तर घरी येणारच नाही ती. त्याला ते खरं वाटलं नाही. एवढ्या मोठ्या दवाखान्यात वयावरून कुणाला परत पाठवतात, हे त्याला कसं खरं वाटावं? वळून तो डॉक्टरला म्हणाला, "व्हय साहेब. कार्डावर हाय तेच."

डॉक्टर म्हणाला, "बघा सिस्टर, घरचेच सांगतायत." आणि मुलाशी तो गोड आवाज सुरू झाला. ॲम्ब्युलन्स मिळाली, त्यांचे उपकारच म्हणायचे. पुण्यात दोन ठिकाणी दारातूनच परतवलं. परत येताना देहूरोडच्या अलीकडे मुलाचा फोन आला. "मावशी, आई गार पडली. काय बोलतच न्हाई." तो रिकामा बेड तोवर एका पिवळ्या माणसाला गेला होता. तो वाचला. त्याच्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही, त्याने काही केलं नव्हतं.

करोना सरल्यावर बारकीच्या मुलाने मला आणखी एक सांगितलं. "मावशी, पुन्याहून एका पोरीचा फोन आलता. तुमच्या आई हायत का गेल्या, इचारीत हुती. म्या म्हनलं, गेली. तर थँक्यू म्हनली आन् ठिवला." मला तेव्हा कळलं नाही हे कशासाठी. कळलं ते गेल्या महिन्यात, लोणावळ्यात. एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये मोठ्या डॉक्टरांनी त्या रंगांचं कौतुक सांगायला कार्यक्रम ठेवला होता, बाहेरच्या हॉस्पिटलवाल्यांना बोलावून. आम्हा जुन्या सिस्टरांना शाली द्यायच्या होत्या म्हणून बसने नेलं. काचेबाहेर धुकं, पोरं-पोरी फोटो काढतायत, आणि आत पडद्यावर लाल ठिपके. "ज्यांना आपण लाल दाखवलं," डॉक्टर म्हणाले, "त्यांतले बहुतेक पुढे गेले. बाहेर पाठवलेल्यांचासुद्धा आपण पाठपुरावा केला." टाळ्या पडल्या. त्यांतला एक ठिपका बारकी होती. मरणार म्हणून हाकलली, हाकलली म्हणून मेली, आणि मेली म्हणून यांचं गणित बरोबर आलं.

मी उठले. शाल मांडीवरून खाली पडली. मी विचारलं, "सर, ते लाल होते म्हणून गेले, की बेड दिला नाही म्हणून गेले?" मोठे डॉक्टर मायेने हसले. "फार छान मुद्दा, सिस्टर. जेवताना बोलू या." जेवताना मी त्यांना गाठलं, बारकीचं वय सांगितलं. त्यांच्या ताटात पनीर होतं, गुलाबजाम होता, आणि पाक मिशीला लागला होता. "एका केसने असं काही बदलत नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही काहीतरी खा बघू." मला ते तोंड, तो पाक, तो तुपाचा वास, कशाकडेच बघवेना. बाहेर येऊन कठड्याशी मी ओकले. शेजारी एक बाई कणीस खात होती, ती उठून लांब गेली.

ही किळस आहे ना, गुरुजी, ती त्यांच्यापाशी थांबत नाही. ती मागे मागे जात तुमच्या ओट्यापर्यंत येते. तुम्ही बारकीला आत घेतलं असतं तर तिच्याकडेही दाखला असता, एक जून असता, आणि त्या मशीनवाल्या पोराला तिचं तोंड वाचावं लागलं नसतं. तुम्ही चांगले होता हे मला ठाऊक आहे. मला त्याचाच जास्त वीट येतो.

हे पत्र मी कुठे देणार नाही. तुमची मुलगी वराळ्याला सोसायटीत राहते, तिला देता आलं असतं. ती तुमच्या फोटोला अजून रोज फूल वाहते आणि मी गेले की तुमच्या आठवणी काढायला लावते. तिच्या हातात हे ठेवण्याइतकी मी दुष्ट नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. ते रंग आमच्याकडे अजून चालू आहेत, आता न्यूमोनियासाठी, आणि दारावर मीच बसते. डोंगरावरचं माणूस आलं की मी त्याला कार्ड पिशवीतून काढूच देत नाही. कार्ड आणलं नाही, अशी स्क्रीनवर खूण करते आणि वय माझ्या मनाने कमी घालते. परवा असेच एक आबा आले. सून म्हणाली, "बाई, लय म्हातारं हायती वो." मी तिला गप्प बसवलं आणि साठीच्या आतलं वय टाकलं. पिवळा आला, अतिदक्षतेतला शेवटचा बेड आबांना मिळाला. त्याच दुपारी गावातली एक बाई आली, जन्मदाखल्यासकट, खऱ्या वयाची. लाल आला, तिला पुण्याला पाठवलं. मी ॲम्ब्युलन्सचं दार लावायला गेले तेव्हा तिच्या मुलीने माझा हात धरला. "सिस्टर, आईला बेड का नाही मिळाला?"

मी गोड आवाजात म्हटलं, "वय जास्त आहे ना, बाळा."