चूक पकडण्याचा खेळ

टीचर, मी आता मुलांना पियानो शिकवते आणि मला त्या कामाची किळस यायला लागली आहे. तुम्ही समोर असता तर लगेच म्हणाला असता, "किळस खवट तेलाची येते, कामाची येत नाही. नीट शब्द शोध." शोधला. दोन आठवडे शोधतेय, हाच सापडतो. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकले, आणि तुमच्याशी बोलायची वेळ आली ती अशा गोष्टीसाठी, याचीही लाज वाटते. पण दुसऱ्या कोणाला सांगू? घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "मग सोड ना," आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

पियानो म्हणते तेही उगाच. आमच्या क्लासमध्ये पियानो नाही, कीबोर्ड आहेत. बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला जे नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर, मेडिकल आणि केकचं दुकान यांच्या मधला गाळा आमचा. तुमच्या वेळी तिकडे भाताची शेतं होती. आता प्रत्येक मजल्यावर एकेक मूल आहे आणि त्या प्रत्येक मुलाला संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या क्लासला टाकायचं आहे. मालक उल्हासनगरचा, पस्तिशीचा, आधी ट्यूशन क्लास चालवायचा. माणूस वाईट नाही, पण संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅम, सिंपल आहे. बच्चा बोर झाला की पेरेंट्स दुसरीकडे जाणार. उसको गेम पायजे, फन पायजे. शिकणं अपने आप होतं." मला वाटलं, बरं झालं. आमच्या टीचरही खेळच घ्यायच्या, आपलं जमेल याच्याशी.

तर तो खेळ कसा असतो ते ऐका. कीबोर्डच्या पट्ट्यांवर रंगीत स्टिकर लावलेले. समोर टॅब. टॅबवर वरून रंगीत ठोकळे पडतात, लाल ठोकळा खाली आला की लाल पट्टी दाबायची, निळा आला की निळी. वेळेवर दाबली की स्टार, दहा स्टार झाले की एक माकड येऊन कोलांटी मारतं आणि पिपाणी वाजते. स्टार साठले की लेव्हल वाढते. महिन्याच्या शेवटी ज्याचे स्टार जास्त त्याला पुठ्ठ्याचा मुकुट घालून फोटो काढायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. मुलं खूश, पालक खूश. दारात उभ्या राहून बायका एकमेकींना विचारतात, "तुझा कितव्या लेव्हलला?" कोणी कधी विचारत नाही की काय वाजवतो. आणि मी, तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली, माकड आलं की टाळ्या वाजवते. पगार त्याचाच आहे.

एका संध्याकाळी टॅबची बॅटरी उतरली. समोर एक पोरगी होती, आठ वर्षांची, दोन वर्षं येतेय, लेव्हल नऊ. मी म्हटलं, "राहू दे टॅब, तशीच वाजव, रोजचीच चाल आहे." तिने हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत बसली. "टीचर, पण रंग कुठे पडतायत?" म्हटलं, "कानात आठव ना." तर म्हणाली, "कानात कसं आठवणार?" अगदी साधेपणाने विचारलं हो तिने. दोन वर्षं, टीचर. दोन वर्षांत त्या पोरीने एकदाही स्वतःचं वाजवणं ऐकलेलं नव्हतं, आणि ते शिकवणारी मी होते.

मग मी तुमचा खेळ काढला. तो मला जसाच्या तसा आठवतो. अंबरनाथला फॅक्टरीच्या कॉलनीमागे तुमची दोन खोल्यांची जागा. बदली होऊन जाणाऱ्या कोणा साहेबाकडून घेतलेला उभा पियानो बाहेरच्या खोलीत, आणि दमट हवेने पट्ट्या फुगू नयेत म्हणून त्याच्या पोटात पेटता ठेवलेला बल्ब. मी दहा वर्षांची. वडील फॅक्टरीत फिटर, आमच्या घराचा आणि पियानोचा काडीचा संबंध नाही. पण तुमच्या खिडकीखाली उभी राहून तुमचीच चाल गुणगुणताना सापडले म्हणून तुम्ही आईकडून मला मागून घेतलेलं. तुम्ही आत आमटीला फोडणी देऊन येता, पदराला हात पुसता आणि म्हणता, "चल, पकड." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तुम्ही वाजवता आणि मध्येच कुठेतरी मुद्दाम एक बोट चुकीचं ठेवता. मी "चूक" म्हणायचं आणि कुठली ते सांगायचं. एका चुकीला एक खारा शेंगदाणा, आणि नसलेली चूक काढली तर एक परत द्यायचा. एकदा मी मान वळवून तुमच्या बोटांकडे चोरून पाहिलं, तर तुम्ही पियानोचं झाकण बंद केलंत. "डोळ्याला मिळालं ना? मग कानाला कशाला त्रास? जा घरी." तीन दिवस दारात उभं केलं नाहीत मला. आईने समजूत काढली तेव्हा मी तुम्हाला खडूस म्हातारी म्हटलं होतं, हेही आता सांगून टाकते.

माझ्या क्लासमध्ये शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला ॲलर्जी असेल म्हणून मालकाने बंदी केली आहे. मी नुसतीच शाबासकी ठेवली. शेवटची दहा मिनिटं टॅब पालथा घालायचा, मुलांनी भिंतीकडे तोंड करायचं. पहिले काही दिवस काहीच नाही. मी धडधडीत चुकीच्या पट्ट्या दाबतेय आणि मुलं भिंतीवरच्या कार्टूनचे दात मोजतायत. पण ती पोरगी हळूहळू गप्प उभी राहायला लागली. आधी मान तिरकी झाली. मग एक दिवस "चूक" म्हणाली आणि स्वतःच दचकली. महिनाभरात अशी तयार झाली की माझं बोट उठेपर्यंत शब्द तिच्या तोंडून बाहेर. एकदा मी तिला विचारलं, "कळतं कसं ग तुला?" तर म्हणे, "टीचर, तिथे पायरी नसते. पाय खाली जातो." मला नऊ वर्षांत असं सांगता आलं नाही. त्या महिन्यात मी क्लासला जाताना चालत नव्हते, जवळजवळ पळत होते.

आणि मग आली तक्रार. काचेच्या दाराबाहेरून कोणा आईने ऐकलं आणि मालकाला मेसेज केला की टीचर वाजवताना फार चुकतात, मुलंच त्यांना सुधारतात, फी घेताना क्वालिफिकेशन बघता की नाही. मी मालकाला खेळ समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅम, आयडिया भारी आहे, मी मानतो. पण पेरेंट्सला टीचर चुकलेली दिसली नाही पायजे. टॅब चुकत नाही, बराबर? ओपन डेला ते चूक-बीक बिलकुल नको." त्या टॅबशी माझी तुलना ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडाने मी "ठीक आहे" म्हटलं. या वयात नवी जागा कोण देतं?

ओपन डे म्हणजे पालक खुर्च्यांवर बसतात, मुलं आपापलं माकड नाचवून दाखवतात, आणि शेवटी टीचरने काहीतरी वाजवायचं. मी तुमचीच चाल घेतली, तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलेली पहिली; मुलांशी खेळतानाही मी तीच वाजवायचे. मुलं खाली सतरंजीवर. अर्ध्यात आले आणि माझं बोट घसरलं. काळी पट्टी लागायची तिथे पांढरी लागली. मुद्दाम नाही, टीचर. खरोखरच चुकलं. मला स्वतःला ते कळलं, पण ऐकणाऱ्यांत कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नाही. आणि सतरंजीवरून आवाज आला, "चूक." त्या पोरीचा. मान तिरकी, चेहरा उजळलेला, शाबासकीची वाट बघत.

मालक माझ्याकडे बघतोय. तिची आई मोबाइलवर शूटिंग करतेय. आणि मी हसून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "नाही बाळा, बरोबर होतं ते. नीट ऐक हं." ती म्हणाली, "पण टीचर, तिथे काळी आहे." मी म्हटलं, "पांढरीच आहे. मी वाजवली ना आत्ता?" तिची आई म्हणाली, "टीचरच्या चुका काढतेस? सॉरी म्हण आधी." पोरीने सॉरी म्हटलं. मालकाने वातावरण हलकं करायला टाळी वाजवली, "चलो, एक स्टार माइनस!" आणि सगळे हसले. मीही हसले. आपलेच दात, आपलेच ओठ. तिचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी पुढचं वाजवायला घेतलं होतं आणि ते अगदी बिनचूक वाजवलं.

त्याच संध्याकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर आला. मी कानाला लावून ऐकला. काही शंकाच नाही, धडधडीत पांढरी आहे. खाली अंगठे, हृदयं, "वॉव टीचर". एवढ्या माणसांत एकीने बरोबर ऐकलं आणि तिच्याकडून आम्ही माफी मागून घेतली. तेव्हा मला मिशनच्या शाळेचा तो हॉल आठवला, जो मी इतकी वर्षं आठवायचं टाळलं होतं. महिला मंडळाचा कार्यक्रम. मी बारा वर्षांची, पहिल्या रांगेत. थंडीत तुमच्या बोटांचे सांधे सुजायचे हे मला ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही. तुम्ही वाजवताय, एके ठिकाणी पट्टी चुकते आणि सवयीने माझ्या तोंडून मोठ्याने निघून जातं, "चूक." हॉलभर हशा. आई मला चिमटा काढते. तुम्ही थांबता, वळता, माइक जवळ ओढता आणि म्हणता, "बरोबर आहे. माझी चूक झाली. ती पोरगी नीट ऐकते." मग पहिल्यापासून पुन्हा वाजवता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी ओंजळ शेंगदाण्यांनी भरलीत. "मुद्दाम केलेली कोणीही पकडेल. ही तर मलाही कळली नव्हती," म्हणालात. पुढल्या वर्षापासून मंडळाने तुम्हाला बोलावलं नाही, आणि "बाईंचा हात गेला" म्हणत दोन मुली शिकवणी सोडून गेल्या. हे मला मोठेपणी आईकडून कळलं. तुम्ही एका अक्षराने कधी बोलला नाहीत. उलट रोज म्हणत राहिलात, "चल, पकड," आणि आता कळतं की त्यांतल्या निम्म्या चुका तुम्ही मुद्दाम करत नव्हता. तुमच्यापुढे मी नाचता न येणारी, आणि अंगण वाकडं म्हणत दोष एका आठ वर्षांच्या पोरीच्या कानावर ढकलला. शी. मालकाची, त्या माकडाची, त्या अंगठ्यांची मला किळस येते असं मी दोन आठवडे स्वतःला सांगत होते. ते सगळे आपापलं काम करतायत. त्यांना ऐकू येतच नाही. मला येत होतं.

हे पत्र मी क्लासच्या हजेरीच्या वहीतली मागची पानं फाडून लिहितेय आणि ते कुठे टाकायचं नाहीच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, त्यात काय, जा आणि त्या पोरीला सांग. शनिवारी त्याच तयारीने गेले होते. ती आली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मालक बाहेर फोनवर होता, खोलीत आम्ही दोघीच. सांगायचं ठरवून मी आधी ती चाल वाजवायला घेतली आणि त्याच जागी बोट पुन्हा घसरलं. तिची मान लगेच तिरकी झाली. मी पाठीमागून स्पष्ट पाहिलं, तिला ऐकू आलं होतं. मी थांबले. ती वळली, माझ्याकडे पाहून शहाण्या मुलीसारखं हसली आणि म्हणाली, "सगळं बरोबर होतं टीचर." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.