चक्कीच्या दाराची खालची कडी

३ मार्च

नदी मंडळाचा इंजिनिअर आला, वीस मिनिटं फिरला, दाराच्या खांबाला टेप लावला आणि म्हणाला, "सहा फूट. बाई, इथं माणूस बुडेल." झालं! पणजोबांनी नदीकाठी बांधलेली पाणचक्की एका टेपने निकालात.

खांबावर पुराच्या खुणा आहेत. पाणी जिथवर चढलं तिथं छिन्नीने आडवी रेघ, आणि दळण जितके दिवस बंद राहिलं तितकी शेजारी टिंबं. ना आकडा, ना साल. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. आजोबा शिकलेले, पण खांबावर त्यांनी तीच रीत चालवली. बाबांनी नवी रेघ काढलेली मला आठवत नाही. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्यावरून जाते, आणि दळणाचे दगड तर जेमतेम तीन फुटांच्या ओट्यावर. म्हणजे पुरात दगडही पाण्याखाली. अशी जागा पुन्हा सुरू करायला नदी मंडळ परवानगी देणार नाहीच, उलट धोकादायक म्हणून पाडणार. सुनावणी अठरा तारखेला.

"काही म्हणणं असेल तर लिहून आणा," म्हणाला. आणते की. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेत, कागदाला मी भीत नाही.

५ मार्च

चक्कीचा इतिहास लिहायला घेतला. पणजोबांनी नदीतून पाट काढला, तो स्वतः खणून. आजोबांच्या वेळी आठ गावांचं दळण इथं यायचं. बाबांच्या वेळी विजेच्या गिरण्या आल्या आणि लोक नदीकडे पाठ फिरवून गेले. बाबा तरी मका दळत राहिले. तीन वर्षांपूर्वी ते गेले, चाक थांबलं.

वाचून बघितलं. इतिहास कसला, रडगाणं! फाडलं.

आई म्हणाली, "जाऊ दे गं. हे काय वय आहे तुझं दगड फिरवायचं?" बावन्न. आणि दगड पाणी फिरवतं, मी नाही. हे तिला अजून पटलेलं नाही.

६ मार्च

दिवसभर दगडाला टाकी लावली. परवानगीचा पत्ता नाही आणि मी खाचा पाडत बसलेय. बाजारात तुरी, दुसरं काय. पण दगड गुळगुळीत राहिला तर पीठ होत नाही, नुसता भरडा निघतो. बाबांनी शिकवलं तसं मधून कडेकडे छिन्नी चालवत गेले. हात भरून आले. बरं वाटलं.

९ मार्च

बाबांची टाकीची वही सापडली. ओट्याखालच्या पेटीत, छिन्न्यांच्या तळाशी. दगडाला कधी टाकी लावली त्याच्या नोंदी, मधे मधे नदीच्या. सुरुवातीची पानं आजोबांच्या अक्षरात. "मोठा पूर. पाणी आतल्या दुसऱ्या पायरीपर्यंत. दगड कोरडे. सहा दिवस बंद. एवढं पाणी वडिलांनीही पाहिलं नव्हतं."

दुसरी पायरी म्हणजे दीड फूट. मग डोक्यावरची रेघ कुणी काढली? वही खरी मानावी तर खांब खोटा, खांब खरा मानावा तर आजोबा खोटे. मंडळापुढे जाऊन आपल्याच माणसांना लबाड ठरवायचं की काय मी?

१० मार्च

डोक्याचा भुगा. आज काही नाही.

११ मार्च

स्टूल घेऊन खांबावरची टिंबं मोजली. सहा टिंबं आहेत — पण सगळ्यात खालच्या रेघेला. सगळ्यात वरच्या रेघेला एकच. पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा दळण एकच दिवस बंद, आणि त्याहून फूटभर कमी चढलं तेव्हा सहा दिवस? कुठल्या नदीत असं होतं?

वैतागून निघाले. दार लावायला वाकले. आमच्या चक्कीची कडी गुडघ्याच्या जरा वर आहे. जन्मापासून बघतेय. बाबा म्हणायचे, "चक्कीपुढे वाकल्याशिवाय दार लागत नाही, म्हणून तर पीठ मऊ निघतं." दळणाला आलेली माणसंसुद्धा वाकायची, हसायची. कडीवर हात ठेवला आणि माझी ट्यूब पेटली, बावन्नाव्या वर्षी. अगं बाई, गुडघ्याशी कडी कोण बसवतं?

खांब उलटा उभा आहे.

१२ मार्च

सुतारमामांना घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली, कान गेलेत, जीभ शाबूत. खांब ठोकून बघितला आणि म्हणाले, "हा तर शीर्षासन करतोय! उंबऱ्यात बसायचं टोक वर, आणि वरचं टोक जमिनीत." दाराच्या फळीवर छातीच्या उंचीला जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकंही त्यांनीच दाखवली. कडी आधी तिथं होती.

वहीत शोधलं. आईबाबांच्या लग्नाच्या महिन्यातली ओळ, बाबांचं अक्षर: "उंबरा कुजला होता, बदलला. खांब काढून परत बसवला." बस्स, एवढंच. एवढाले दगड केसभर न चुकता बसवणारा माणूस, आणि खांब उलटा! "चक्कीवाल्याने चक्की बघावी," सुतारमामा म्हणाले. "मला बोलावलं असतं तर?" पन्नास वर्षांपूर्वी हुकलेल्या कामाचा राग अजून आहे.

खांब साडेसहा फूट. सहा टिंबांची रेघ पाच फुटांवर. उलटून मोजलं तर दीड. दुसरी पायरी! आजोबा खरे, खांबही खरा. तिथंच पायरीवर बसले आणि रडले. आनंदानेच.

१८ मार्च

सुनावणी. वही, मापं, दाराचे फोटो, सगळं टेबलावर मांडलं. इंजिनिअरने स्वतःच्या मापांशी ताडून बघितलं. मग म्हणाला, "बाई, पंचवीस वर्षं मी पूर मोजतोय. खांब कुठल्या बाजूने उभा आहे हे कधी विचारलंच नाही." माणूस वाईट नाही.

परवानगी मिळाली. अट एकच: खांब सुलटा करा आणि कडीसकट फोटो पाठवा.

२३ मार्च

काल सुतारमामांनी खांब सुलटा केला. आज पाटाची फळी उचलली. चाक आधी कुरकुरलं, अडलं, आणि मग फिरलं. पहिलं पायलीभर दळण कोंबड्यांना, दगडाची कच जाईपर्यंत. त्यानंतरचं हातात घेतलं. मऊ, कोमट, मक्याचा वास. बाबा हवे होते.

फोटो पाठवला.

२४ मार्च

बाबा गेल्यापासून आई आज पहिल्यांदाच चक्कीत आली. सवयीने दार लावायला वाकली. म्हटलं, "आई, कडी आता वर आहे." ती सरळ झाली, वरच्या कडीवर हात ठेवला.

"लग्नाला चार दिवस झाले होते," म्हणाली. "हे मला चक्की दाखवायला घेऊन आले. मी दार लावायला गेले, अंधुक उजेडात कडी सापडेना, म्हणून वाकले. मान वर केली तर यांचे डोळे भरलेले. म्हणाले, 'पहिल्याच दिवशी चक्कीपुढे वाकलीस! उद्या दार काढणार होतो, आता असंच राहू दे.' काय राहू दे, ते मला आज कळतंय."

म्हणजे खांब उलटा बसलाय हे बाबांना माहीत होतं.

"मी आपली कडी शोधत होते गं," आई म्हणाली. "हे त्यांना कधी सांगितलं नाही."

खांब सुलटाच राहील. पण सुतारमामांना उद्या विचारते, खाली गुडघ्याशी आणखी एक कडी बसवून मिळेल का.