धक्का न लावता

३ ऑगस्ट
संपादकांनी विज्ञानाचं पान माझ्यासारख्या संस्कृतवाल्याच्या गळ्यात मारलं. म्हणाले, संस्कृत आणि क्वांटम दोन्ही कुणाला कळत नाहीत, तेव्हा तुम्हीच लायक.
ही बहिणीकडे गेलीय. चार दिवसांत येईल. भांडण वगैरे नाही. म्हणजे तिनं केलं. मी वाचत होतो.

६ ऑगस्ट
प्रयोगशाळेत गेलो. प्राध्यापिकाबाईंनी अतिथंड धातूचं कडं दाखवलं. त्यातला करंट उजवीकडे फिरतो की डावीकडे? कुणी बघो न बघो, काहीतरी एक ठरलेलं असणारच, असं आपण धरून चालतो. ते खरं असेल, तर वेगवेगळ्या वेळच्या मापनांचा मेळ एका मर्यादेतच राहतो. पण धक्का न लावता बघायचं कसं? म्हणाल्या, यंत्र फक्त उजव्याला बोलतं. गप्प राहिलं, तर करंट डावा, स्पर्शही नाही. म्हटलं, अहो, ही तर आमच्या मीमांसकांची अनुपलब्धी! घडा दिसत नाही, म्हणजे नाही. बाईंनी चहा मागवला.

११ ऑगस्ट, सकाळ
संकल्प : हिला फोन करायचा नाही. जे ठरवलंय ते तिनं ठरवलंच असणार. विचारून कशाला बिघडवा? कपाट उघडलं. लोकरीची शाल इथेच. निष्कर्ष : परत येणार.

१९ ऑगस्ट
दुसरं मापन. मिक्सरचं भांडं सापडत नाही म्हणून मेव्हणीला फोन केला. मागे हिचा आवाज. हसत नव्हती. उत्तम! मेव्हणी म्हणाली, भावजी, भांडं मरू द्या, तिला फोन देऊ का? म्हटलं, नको, उगाच त्रास. म्हणाली, धन्य आहात. बरं वाटलं.

२ सप्टेंबर
साडू येऊन शाल घेऊन गेले. चपला राहिल्यात. निष्कर्ष कायम.

१४ सप्टेंबर
लेख छापून आला. बाईंचा फोन : भाषा सुरेख, निष्कर्ष नेमका उलटा. तुम्ही लिहिलंत मेळ मर्यादेत राहिला, तो तर मर्यादेबाहेर गेला होता. म्हणजे बघण्याआधी काही ठरलेलंच होतं, असं म्हणता येत नाही. खुलासा छापावा लागणार. संपादक जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

१५ सप्टेंबर
हिला फोन केला. विचारलं, निघालीस तेव्हाच ठरवलं होतंस ना? म्हणाली, नाही हो, काहीच ठरलं नव्हतं. पहिला आठवडाभर फोन हातातून सोडला नाही. ये म्हणाला असतात तर आले असते. येऊ नकोस म्हणाला असतात, तरी भांडायला आले असते.
आणि आता?
म्हणाली, आता ठरलंय. मग तब्येतीची चौकशी केली, काळजी घ्या म्हणाली. आवाज एकदाही चढला नाही. इतकं गोड ती फक्त परक्यांशी बोलते.